धाकट्या भावाच्या गाडीचा फॅन बेल्ट

नाव: संताजी राव घाटगे. वय: ६८ वर्षे. धंदा: निवृत्त फिटर, पीण्या येथील कारखान्यात एकतीस वर्षे नोकरी. राहणार: तळमजला, राजाजीनगर, बेंगळूरु.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी पत्नी सोयराबाई हिच्यासह राहतो. वरच्या मजल्यावर माझा धाकटा भाऊ खंडोजी, वय ६१, त्याची पत्नी धनलक्ष्मी व मुलगी चंदना राहतात. मला कन्नड लिहिता-वाचता येते, पण रागात असलो की मराठीच सुचते. हेड कॉन्स्टेबल महांतेश हे निपाणीकडचे असल्याने त्यांनी जबाब मराठीत लिहून घेण्याचे मान्य केले.

आज शुक्रवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी खंडोजीच्या गाडीचा फॅन बेल्ट मी काढला. मी तो चोरलेला नाही. काढून धुतला, पुसला व माझ्या पायरीवर, सर्वांना दिसेल असा ठेवला. शेजारी बसून मी कॉफी घेत होतो. चोर असे बसत नाही, हे मी पोलिसांच्या गाडीतून आलेल्या शिपायांनाही सांगितले.

सदर गाडी डिझेलची असून तेरा वर्षे जुनी आहे. खंडोजीने ती चौदा महिन्यांपूर्वी कोणाकडून तरी विकत घेतली. घेण्याआधी मला दाखवली नाही. घरात फिटर असताना दाखवली नाही. त्या दिवसापासून आमचे बोलणे नाही. एकमेकांना निरोप द्यायचे असल्यास सोयराबाई जिना चढते किंवा उतरते. निरोपात ती स्वतःचे चार शब्द घालते असा मला संशय आहे.

मागच्या महिन्यापासून गाडी सुरू केली की फॅन बेल्ट किंचाळत असे. खंडोजीने तो बदलला. किंचाळणे थांबले. त्याने वरून, मला ऐकू येईल अशा आवाजात, धनलक्ष्मीला सांगितले, “बघ, झालं काम. कुणाची गरज पडली नाही.” बेल्ट त्याने बरोबर निवडला होता. सहा धारींचा, लांबीला नेमका. हे मी मान्य करतो.

परंतु गाडीला आत दुसरा बेल्ट असतो, त्याला टायमिंग बेल्ट म्हणतात. तो झाकणाखाली असतो व कधी किंचाळत नाही. बाहेरचा बेल्ट तुटला तर गाडी थोडे अंतर जाऊन थांबते. आतला तुटला तर पिस्टन वर येऊन वॉल्व्हवर आदळतात आणि इंजिन स्वतःलाच ठेचून घेते. चालत्या गाडीत हे झाले तर काय होते, ते मी श्रीविद्या मॅडमना तोंडी सांगितले आहे. मॅडम या ठाण्याच्या सब-इन्स्पेक्टर आहेत.

मी सोयराबाईमार्फत विचारले, आतला बेल्ट बदलला का? वरून उत्तर आले, विकणारा बदललाय म्हणाला होता. मी विचारले, कागद आहे का? उत्तर आले, माणसावर विश्वास ठेवायला कागद लागत नाही. हे शेवटचे वाक्य खंडोजीचे की सोयराबाईचे, ते ठाऊक नाही.

म्हणून सोमवारी मी जे. सी. रोडवर भीमाचार्य यांच्या दुकानी गेलो व टायमिंग बेल्ट पसंत केला. तीन बेल्ट पाहिले. एकाची पेटी फाटलेली होती. दुसऱ्यावर बनवल्याची तारीख पाच वर्षांपूर्वीची होती. रबर पेटीतही म्हातारे होते. तिसरा घेतला. सोबत बेल्ट ताणून धरणारा टेन्शनरही घेतला, कारण जुन्या टेन्शनरवर नवा बेल्ट चढवू नये. पेटी जिन्यात, वरच्या पायरीवर ठेवली. मंगळवारी ती माझ्या दाराच्या कडीला पिशवीतून टांगलेली मिळाली.

आज सात वाजता खंडोजी, धनलक्ष्मी व चंदना त्या गाडीने बेळगावला निघणार होते. तेथे चंदनासाठी एक मुलगा पाहायचा होता. पाचशे किलोमीटरचा रस्ता. चंदना मला दोड्डप्पा, म्हणजे मोठे काका, म्हणते. पहिल्यांदा सायकल तिला मीच शिकवली. यापेक्षा जास्त कारण मला सांगायचे नाही.

सातला सामान घेऊन खंडोजी खाली आला. गाडी सुरू केली, बॅटरीचा दिवा विझेना, स्टीअरिंग जड. बॉनेट उघडले. मग माझ्याकडे न बघता त्याने एकशेबाराला फोन लावला. पोलीस आल्यावर त्यांच्या सांगण्यावरून त्याने गाडी तशीच ठाण्यात आणली. मी पिशवीत टायमिंग बेल्ट व पाने-पक्कड घेऊन पायी आलो.

श्रीविद्या मॅडम म्हणाल्या, “दोघं समोरासमोर बोला. इथे सोयराबाई नाहीत.”

आम्ही दोघेही भिंतीकडे पाहत राहिलो. तेव्हा चंदना म्हणाली, “दोड्डप्पा, स्वल्प झाकण उघडून दाखवा ना. भांडण नंतर करा.”

मी ठाण्याच्या आवारात सर्वांसमक्ष टायमिंग बेल्टचे वरचे झाकण काढले. बेल्टच्या दातांच्या मुळाशी भेगा होत्या. एका कडेचे धागे सुटले होते. खंडोजीने बोट लावून पाहिले. रबराचा तुकडा त्याच्या बोटाला चिकटून आला.

तो म्हणाला, “अण्णा, किती चालला असता?”

मी म्हणालो, “कुणास ठाऊक. हुबळीपर्यंत. नाहीतर आपल्या गल्लीच्या टोकापर्यंत.”

धनलक्ष्मी गाडीतून आपले सामान उतरवू लागली.

मी पिशवीतून माझा बेल्ट काढला व आत्ताच बसवतो म्हणालो. चंदनाने नोंदणीच्या कार्डावरचा इंजिन नंबर मोबाइलवर तपासला आणि म्हणाली, “हा बसणार नाही.” गाडी बनली त्याच वर्षाच्या मध्यात कंपनीने बेल्टचे माप बदलले होते. माझ्या बेल्टला या इंजिनाला लागतात त्यापेक्षा चार दात कमी होते. मी दोनदा मोजले. इंजिन नंबरशिवाय टायमिंग बेल्ट घेऊ नये हे मी एकतीस वर्षे इतरांना सांगत आलो. पण कार्ड वरच्या मजल्यावर होते आणि मी मागितले नाही. हा मजकूर लिहू नये अशी मी विनंती केली होती. महांतेश यांनी तो लिहिला आहे.

खंडोजी हसला. मग त्याने तक्रार मागे घेत असल्याचे सांगितले. फोनची नोंद झालेली असल्याने माझा जबाब घ्यावाच लागेल, असे मॅडम म्हणाल्या. “सरी, ठीक आहे,” मी म्हणालो.

धनलक्ष्मी व चंदना रेल्वेने बेळगावला निघाल्या आहेत. नवा बेल्ट चढेपर्यंत गाडी सुरू करणार नाही, असे खंडोजीने मॅडमसमोर कबूल केले. खंडोजी व मी आता मेट्रोने भीमाचार्यांच्या दुकानी जाणार आहोत. कार्ड त्याच्या खिशात आहे.

माझा हा जबाब महांतेश यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी लिहिले ते मी बोललो तेच आहे, कमी नाही, जास्त नाही. वाचन चालू असताना खंडोजी फाटकातून दोनदा “अण्णा, चल की रे” म्हणाला. त्यामुळे सही चष्म्याशिवाय केली असून थोडी वाकडी आली आहे; पण ती माझीच आहे.