कैलासवासी मामा आणि खालची ओळ

...आणि वर मलाच विचारतात, मयूर, तू नेमकं केलंस तरी काय! अहो काय करणार, एक ओळ केली! कॉम्प्युटरवर आपण मजकूर लिहितो ना, त्या एडिटरच्या अगदी तळाला एक ओळ असते. तुम्ही हुकूम सोडायचा, तिनं प्रश्न विचारायचा, तुम्ही उत्तर द्यायचं, संपलं! एवढीशी ती खालची ओळ हो! पण तुम्हाला सांगतो, तिनं एका धडधाकट माणसाला भरदिवसा स्वर्गात पाठवलं!

थांबा, नीट सांगतो. नाशिकला रविवार कारंजावर आमचं लग्नपत्रिकांचं दुकान. दुकान बाबांचं. मी दिवसभर अंबडच्या एमआयडीसीतल्या कंपनीत मशिनांचे प्रोग्राम लिहितो आणि संध्याकाळी दुकानात येऊन बाबांची बोलणी खातो. आता झालं काय, बाबांची नजर अधू झाली. मोठं अक्षर दिसतं, बारीक दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढी जपा. आणि बाबा काय म्हणाले? "मग मी दुकानात बसून काय करू? नमुन्यांवरची धूळ झटकू?" ऐकलं आणि मला कसंतरीच झालं हो. अर्ध्या नाशिकची लग्नं ज्यानं जुळवून छापली, तो माणूस घरी बसून पंखा बघणार? छे! म्हटलं, बाबा, थांबा. हा एडिटर असा आहे की त्याच्या पोटात हात घालून त्याला हवं ते शिकवता येतं.

आणि शिकवलं! खालची ओळ ही एवढी मोठ्ठी केली. ती मराठीत विचारणार, "वराचं नाव?" बाबा टाइप करणार. दोन अक्षरं टाकली की उरलेलं नाव तीच सुचवणार, आणि वर पत्रिका आपोआप जुळत जाणार. आहे की नाही डोकं? पण बाबांना कौतुक म्हणून नाही! "मला प्रश्न विचारणारी ही कोण?" म्हटलं, बाबा, ओळ आहे. "मग तिला सांग, आधी नमस्कार करायचा, मग विचारायचं!" घातला नमस्कार. पुढे काय, तर बाबा एक उत्तर अर्धवट सोडून दुसराच हुकूम द्यायचे आणि ही रुसून बसायची... आधी माझं उत्तर द्या! मग तिला प्रश्नाच्या पोटात प्रश्न घ्यायला शिकवलं. तर बाबा असे आत आत शिरले, असे शिरले, की बाहेर येईपर्यंत नवरदेव कोण तेच विसरले!

आणि मग माझी अक्कल बघा. प्रत्येक वडीलधाऱ्याच्या नावापुढे 'कै.' लावायचं की नाही, हे कळायला नको? म्हणून प्रश्न घातला, "कैलासवासी?" होय की नाही. आणि नुसतं एंटर दाबलं तर आधीचंच उत्तर धरायचं! म्हटलं, म्हाताऱ्या बोटांचे कष्ट वाचतील. वाचले ना!

लासलगावच्या चैतालीची पत्रिका आली. तिचे आजोबा वारलेले, बाबांनी "होय" लिहिलं. पुढचं नाव सहादू मामा. तेवढ्यात चहा आला, आणि बाबांनी घाईघाईत एंटर दाबलं. झालं! माझी बायको उत्तरा, तिनं नमुना चैतालीला पाठवला. चैतालीनं न वाचता तो भाऊबंदांच्या ग्रुपवर टाकला. आणि ग्रुपवर काय सुरू झालं माहितीये? भावपूर्ण श्रद्धांजली! हात जोडलेले, फुलं वाहिलेली...

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुकानासमोर पिकअप थांबली. हा एवढा धिप्पाड माणूस उतरला. "पत्रिकावाले तुम्हीच का? मी सहादू. वर लय गर्दी हाय, म्हणून परत आलो!" मी खुर्ची पुढे करायची की पाया पडायचं, काही सुचेना! "अवो, कांद्याच्या लिलावाला गेलो तर व्यापारी दोन पावलं मागं सरकला! घरी रडायला माणसं आली, बायकोनं सगळ्यांना पोहे केले!" आणि असा खदाखदा हसला की उत्तराही हसली, मीही हसलो.

बाबा हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, डबीत ठेवला. "मयूर, उद्यापासून मी येत नाही. जिवंत माणसाला मारलं मी." म्हटलं, बाबा, तुम्ही नाही हो, ते एंटर मी तसं ठेवलं होतं! ऐकतात कुठे? डबी मिटली. एवढीशी ती खालची ओळ हो, आणि तिनं बाबांचं दुकान हिसकावलं!

तर मामाच म्हणाले, "काका, माझ्या बहिणीची पत्रिका तुम्हीच केली व्हती. तवा आमच्या आज्याचं इचारलं व्हतं तुम्ही. पण असं नाय इचारलं."

बाबा ताडकन म्हणाले, "असं कसं विचारीन? शुभकार्याच्या घरात 'गेले का' विचारतात? मी विचारायचो, आजोबांची तब्येत काय म्हणते? असतील तर ठणठणीत म्हणतात, नसतील तर आपोआप कळतं!" आणि माझ्याकडे वळले. "या तुझ्या ओळीला रीतभात कुणी शिकवायची? उघड ते!"

उघडलं की हो! बाबा सांगताहेत, मी लिहितोय, मामा मागे उभे. "लिही, मामांची तब्येत काय म्हणते? उत्तरं दोनच, 'ठणठणीत' नाहीतर 'गेले'. पूर्ण टाइप करायचं." म्हटलं, आणि रिकामं एंटर दाबलं तर? "तर म्हणावं, घाई कसली आहे? पाणी पी आणि आठव!" केलं तसं. मग बाबांनी डबी उघडली, चष्मा लावला, आणि एकेक अक्षर दाबत लिहिलं, ठणठणीत. मागे मामांनी छाती पुढे काढली. माझे डोळे भरून आले, लपवत नाही.

आता बाबा शटर उघडायच्या आधी दारात हजर असतात! चांगलंच आहे हो. पण रोज नवा प्रश्न! "हे विचार, ते विचार." शेवटी प्रश्न स्वतःच घालायलाही मीच त्यांना शिकवलं! मी माझं काम सेव्ह करायला गेलो की खालून येतं, "परत वाचलंस का?" बंद करायला गेलो की, "कुलूप लावलंस का?" घरी बाबा, दुकानात बाबा, आणि आता स्क्रीनच्या तळाला बाबा! आणि ते तिथे बसवले कुणी? मी!

परवा बाबा त्र्यंबकला गेले. म्हटलं, चला, आज शांतता. एडिटर उघडला. खालच्या ओळीत, नमस्कार करून, "मयूर, जेवलास का?"

मी लिहिलं, होय.

तर म्हणते, "खरं सांग."

...केला बंद, आणि गेलो जेवायला.