लॉक केलेली फाईल

मंगरूळपीरच्या स्टँडवर निकिता वाशिमच्या एसटीची वाट पाहत होती. तिच्या पाठीमागच्या बाकावर त्याच गाडीसाठी थांबलेले संघदीप आणि त्याची बहीण पौर्णिमा बोलत होते.

“दादा, पुण्याच्या कंपनीतून परत फोन. उचलत काहून नाही?”

“त्यायच्या कॉम्प्युटर प्रोग्रामची फाईल माह्या नावानं लॉक हाय. मी सोडल्याबिगर दुसऱ्याले तिच्यात एक ओळ बदलता येत नाही.”

“मंग सोड ना, किल्लीवाले साहेब. लॅपटॉप तं मांडीवरच हाय.”

“सोडली का काम नव्या पोराले देतीन. मले घरी बसवतीन.”

“ते लॉक पुण्याच्या साहेबाले तोडता येत नाही का?”

“येते. एक बटन दाबाचं हाय.”

“मंग?”

“अजून फोन करून राह्यले, म्हंजे दाबलं नाही.”

फोन वाजायचा थांबला. एसटी लागली. तिघांतलं कुणीच उठलं नाही.