नऊ गुणांची चित्रफीत

आदरणीय अध्यक्ष महोदय, मंचावरील संचालक साहेब, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या सत्कारमूर्ती बाई, बाईंसोबत आवर्जून आलेले त्यांचे यजमान आणि समोर बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

लिहून आणलेलं भाषण मी खिशात ठेवलं, ते पाहिलंत तुम्ही. कारण सांगणार आहे. पण आधी बाईंबद्दल.

अल्गोरिदम, म्हणजे एखादं काम पायरीपायरीने करायची रीत. ती मुलांना हलत्या चित्रांतून समजावणाऱ्या फिती आपल्या समितीकडे येतात, आपण गुण देतो, पास झालेली फीत शाळांत जाते. बाईंची परीक्षा अजबच! आधी आवाज बंद. "गाणं ऐकायला बसलोय का आपण?" मग लिफ्टवाल्या काकांना बोलवायचं, फीत दाखवायची आणि आकड्यांच्या चिठ्ठ्या पुढ्यात टाकायच्या. आकडे फितीतले नव्हेत, बाईंचे. तेही मुद्दाम विस्कटलेले. काकांना जमलं तर पास. एकदा काका म्हणाले, "रंग झकास आहेत बाई, पण करायचं काय ते कळेना." बक्षीस मिळालेली फीत होती ती. गेली परत! पाठीमागे आपण बाईंना 'कात्री' म्हणायचो. हसताय, म्हणजे तुम्हीही त्यातलेच.

आता ते कारण. गेल्या महिन्यात शोध घ्यायला शिकवणारी फीत आली. यादी मधोमध उघडा, हवा तो आकडा पुढे की मागे ते बघा, निम्मी यादी सोडून द्या. काय देखणी होती! काका रजेवर होते. मी काय केलं? फितीतलेच आकडे घेऊन स्वतःच करून पाहिलं आणि दहापैकी नऊ गुण दिले. बाईंनी माझ्या भरवशावर सही केली.

कौतुकाने मुलीलाही दाखवली. परवा तिच्या आजोबांना डॉक्टरांकडे न्यायचं होतं, म्हणून तारीख सांगून तिला जुना रिपोर्ट शोधायला लावलं. तिने कागदांचा गठ्ठा मधोमध उघडला, तिथली तारीख हवी त्यानंतरची निघाली, खालचा निम्मा गठ्ठा रद्दीत. असंच करत गेली. "बाबा, नाहीये रिपोर्ट. फितीत दाखवतात तसंच शोधलं."

डॉक्टरांनी विचारलं, कुठलं औषध सोसत नाही का? मी छातीठोकपणे नाही म्हणालो. घरी येऊन वडिलांनी गोळी ओठांशी नेली, तेवढ्यात बायको रद्दीतला कागद घेऊन धावत आली. त्यावर त्याच औषधाचं नाव होतं. पुढे लिहिलं होतं, देऊ नये.

गठ्ठा आधी तारखेप्रमाणे लावलेला हवा, तरच ही रीत चालते. फितीतले आकडे आधीच क्रमाने होते, पण तसे असावे लागतात हे फितीत कुठेच नाही. मुलीची काय चूक, सांगा?

दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. बाईंच्या शेवटच्या दिवशी त्यांच्या सहीला बट्टा कशाला, गप्प बसावं, असं शंभरदा वाटलं. कुणाला कळणार होतं? पण सोमवारी ती फीत सगळ्या शाळांत जाणार आहे, आणि प्रत्येक घरात कुणी वेळेवर धावत येईलच असं नाही. संचालक साहेब, हात जोडतो, ती थांबवा. उद्यापासून बाईंच्या खुर्चीवर मला बसवताय; त्या खुर्चीची मला भीती वाटते. बाई, तुम्ही मान खाली घातलीत, ते इथून दिसतंय मला.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पदरात घ्या. फितीबद्दलची माफी मात्र आज मागत नाही. फीत परत आली की ती मागायला बाईंच्या घरी जाईन. दार उघडायचं की नाही, ते बाईंनी ठरवावं.