गच्चीवरचा सूर्य आणि राघोत्तमचा फणस

नाही, पण मला एक सांगा, सूर्य फुकट आहे ना? मग तो विकायला माणसं गळ्यात ओळखपत्र अडकवून दारात का उभी राहतात? तुम्हाला सांगतो, मी व्यासराज, उभा जन्म चेन्नईजवळच्या ट्रकच्या कारखान्यात तपासणी खात्यात काढला, चांगल्या दिसणाऱ्या वस्तूत खोट शोधण्याचाच मला पगार मिळायचा! तेव्हा आमच्या अण्णा नगरच्या घरी तो सोलरवाला वेंकट आला आणि कॉफीला 'नको सार' म्हणाला, तेव्हाच मी मनात म्हटलं... यात काहीतरी गोम आहे! चेन्नईत राहून फिल्टर कॉफी नाकारतो? असला माणूस काहीही करेल!

पण आमची कनका, म्हणजे बायको हो, ती खूश! "अहो, सूर्य एवढा भाजतोय आपल्याला, थोडं काम तरी करू दे त्याला!" झालं, वेंकट लगेच म्हणतो, "करेक्ट मामी!" मामी! बूट काढायच्या आधी नातं जोडून मोकळा! मग गच्चीवर गेला, डोळ्यांवर हात धरून इकडे बघ, तिकडे बघ, फोटो काढ... मी म्हटलं, फोटो कशाला? तर म्हणे, "सावली सार, सावली," आणि बोट कुठे दाखवलं? शेजारच्या राघोत्तमच्या फणसाकडे! "ती फांदी तेवढी तोडायला सांगा सार, नाहीतर दुपारनंतर पॅनेल झोपणार."

सांगा म्हणे! अहो, त्या राघोत्तमशी माझं बोलणं बंद! का? तर त्याच फांदीचा फणस धप्पकन माझ्या नव्या स्कूटरवर पडला होता. सीट फाटली, आरसा गेला, मी तिथे कपाळाला हात लावून उभा, आणि हा महापुरुष भिंतीवरून डोकावून काय विचारतो? "व्यासराज, फणस फुटला नाही ना?" ...तेव्हापासून रस्त्यात समोरासमोर आलो की दोघंही आभाळाकडे बघत चालतो. पक्षीनिरीक्षक वाटतो लोकांना!

पण कनकानं ढकललं मला. गेलो. भांडायची सगळी वाक्यं घोकून गेलो, बरं का! दार उघडलं, मी म्हटलं, "तुमची फांदी..." तर हा म्हणतो, "तोडू या की! उद्याच माणूस बोलावतो. आत तर या!" आत तर या? म्हणजे... विरोध नाही? अटी नाहीत? एवढी घोकलेली वाक्यं माझी, एकही वापरू दिलं नाही! मी घरी येऊन कनकाला म्हटलं, यात काहीतरी गोम आहे. ती म्हणाली, "गोम तुमच्या डोक्यात आहे, अंघोळ करा."

फांदी तुटली, पॅनेलं बसली, वीज सुरू झाली, आणि मी रोज गच्चीवर पहारा. न जाणो, कोणी माझं ऊन पळवलं तर? तर भिंतीपलीकडून हा रोज विचारणार, "आज किती बनली?" त्याला काय करायचंय? मी आकडा सांगतच नव्हतो. "बनतेय जेमतेम," म्हणायचो.

आणि मग ते वादळ आलं. झाडं पडली, तारा तुटल्या, सगळा भाग अंधारात. पण दुसऱ्या दिवशी आभाळ कसं? धुतल्यासारखं! रणरणतं ऊन! मी ऐटीत खाली आलो, बटण दाबलं... पंखा ढिम्म. दुसरं दाबलं... ढिम्म! वेंकटला फोन लावला. "सार, लाइन गेली की सोलर पण बंद. तसंच असतं सार. नाहीतर तुमची वीज तारेत जाऊन खांबावरच्या माणसाला शॉक लागेल." बरोबर आहे, माणसाच्या जिवाची गोष्ट! पण हे आधी सांगितलं होतं? तर म्हणे, "मामीला सांगितलं होतं सार. तुम्ही तेव्हा माझे बूट तपासत होता."

तुम्हाला हसू येतंय, पण कनकाच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. पाय हलवता येईना, उकाड्यानं जीव घाबरा, मी पेपरनं वारा घालतोय, हात दुखतोय, आणि ती म्हणते, "राहू द्या हो, मला नाही होत काही." डोळे मिटून म्हणते! खरं सांगतो, घाबरलो मी. छपरावर अख्खा सूर्य बांधून ठेवलाय आणि बायकोला एक झुळूक देता येत नाही...

तेवढ्यात भिंतीपलीकडून वायरचं भेंडोळं येऊन पडलं. पाठोपाठ राघोत्तमचा आवाज, "मामींच्या पंख्याला जोडा! माझ्या इन्व्हर्टरवर चालेल."

मी म्हटलं, का? तोंडातून तेच निघालं हो, का? तर म्हणाला, "माझी अलमेलू गेल्यापासून या घरात एकच पंखा फिरतो. बॅटरी नुसतीच बसून असते... माझ्यासारखी." मी म्हटलं, आणि ती फांदी? लगेच कशी तोडलीत? "अहो, तुम्ही माझ्या दारात बोलायला आलात! फांदीचं काय घेऊन बसलात!"

पंखा फिरला. कनकाला झोप लागली. मी भिंतीशी उभा, आणि आयुष्यात पहिल्यांदा तपासायला काही सापडेना. गोम... नव्हतीच!

पुढे लाइन आली, सोलर झकास चाललंय, कनकाही आता चालते. वायर परत करायला गेलो तर म्हणाला, "मीच येतो न्यायला." आला. बसला. तेव्हापासून रोज सकाळी येतो, रात्रीपर्यंत माझ्या खुर्चीत बसतो, माझ्याआधी माझा पेपर वाचतो, आणि मला मोठ्यानं वाचूनही दाखवतो! लोक विचारतात, व्यासराज, सोलर कसं आहे? काय सांगू? गच्चीवर बसवलं सोलर, आणि खाली बसला राघोत्तम...

सोलर निदान सूर्य मावळला की बंद होतं हो!