मावशींची गोधडी

जानेवारी १९९४. अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या बसमध्ये मराठी कानावर पडलं आणि शुभाने पुस्तक मिटलं. पुढच्या सीटवर एक मावशी भाचीवर तापल्या होत्या.

"उपासना, बघायला दिलेली माझी गोधडी त्या आर्मेनियन बाईने काचेत ठेवली! इथे थंडीने माझे दात वाजतायत."

"मावशी, नाझेली मॅडम म्युझियमच्या क्युरेटर आहेत. बैरूतपासून इथपर्यंत वीस वर्षं पेपरात भल्याभल्या पेंटर्सना झोडपलंय त्यांनी. तुझ्या गोधडीला मात्र मास्टरपीस म्हणाल्या."

"त्यांच्या घरात नाही का असं काही?"

"आहे ना. देश सोडून पळताना आजीने पाठीवर आणलेली रजई."

"मग ती लावायची!"

"मी विचारलं. म्हणाल्या, ती मी रोज पांघरते."

मावशींनी बस थांबवायची दोरी ओढली.

"चल, म्युझियम इथेच ना?"

शुभाचा स्टॉप पुढे होता, तरी तीही उतरली.