बाबांची सरळ भिंत

आमच्या बाबांना मिस्त्री म्हणून गावंच्या गावं मान देतात, पण खरं काय ते मला ठाऊक आहे. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती, हिंगणीत शाळा बांधली जात होती, आणि मी माझी शाळा सोडून बाबांच्या हाताखाली लागलो होतो. बाबांची नजर गेली होती, तोरा नव्हता गेला. सकाळी त्यांनी रचलेली वाकडी भिंत आम्ही जेवून येईपर्यंत सरळ झालेली असायची. मला नवल वाटायचं. एके दिवशी मी जेवायला गेलोच नाही. पाहतो तर डोक्यावर गाऱ्याची घमेली वाहणारी मजूर कौसाबाई बाबांच्या विटा काढून पुन्हा लावत होती.

“तुह्या बाबाले नोको सांगू,” ती म्हणाली. “बाईच्या हातात थापी पाह्यली तर कामावरून काढतीन मले.”

त्याच दुपारी काम तपासायला ओवरसियर साहेब आले. ओळंबा सोडून म्हणाले, “मिस्त्री, भिंत एकदम सरळ आहे. पुढचा थर माझ्यासमोर लावा.”

बाबांना थरासाठी ताणलेली दोरीच दिसेना. दुखत असल्यासारखी कंबर धरून ते म्हणाले, “कौसे, थापी घे. मी सांगतो तशी लाव.”

मग ते तासभर सांगत राहिले आणि कौसाबाईनं त्यातलं एकही ऐकलं नाही. थर सुतात आला.

“मिस्त्रींनी चांगलं शिकवलंय तुम्हाला. उद्यापासून तुम्हीच लावा,” साहेब म्हणाले. बाबांनी खुशाल मान डोलावली.

ते दोघं गेल्यावर मी विचारलं, “खरंच, बाबानं काय शिकवलं वं तुले?”

थापी धुता धुता ती म्हणाली, “भीत वाकडी कशी होते, ते.”