उतारावरचा वाळा

मधुकरराव : काच आपोआप फुटत नाही, शालिकराम. कोणीतरी फोडली.

शालिकराम : मी कायले फोडीन, साहेब? राहाची खोली माही हाय.

मधुकरराव : म्हणूनच! काच फुटली की साहेब घाबरतील, बगीच्याचं पाणी बंद करतील, असं वाटलं तुला.

गोपिकाबाई : अहो, सकाळी सकाळी कशाची काच?

मधुकरराव : उताराच्या कडेला याची खोली, तिच्या भिंतीला भेग पडली. सोमवारी मी तिच्यावर सिमेंटनं आडवी काचपट्टी चिकटवली. भिंत सरकत असली तर काच तडकते. तीस वर्षं पाटबंधाऱ्यात हेच केलं मी.

गोपिकाबाई : मग तडकली ना.

मधुकरराव : फोडली! चार दिवसांत भिंत सरकत नसते.

शालिकराम : साहेब, हे तिसरी काच हाय. तुमची मंगळवारीच गेली. मी फोटोच्या चौकटीतली काढून लावली, ते बुधवारी गेली. हे रातची.

मधुकरराव : आणि मला सांगितलं नाही?

शालिकराम : सांगाले आलतो. तुमी लॉनवर सुतळी धरून उभे होते. म्हणाले, रविवारपर्यंत तोंड दाखवू नको.

गोपिकाबाई : रविवार, रविवार! बगीच्याच्या स्पर्धेचे परीक्षक येऊन राहिले म्हणून माणसानं बोलूही नये?

मधुकरराव : तीन वर्षं दुसरा नंबर, गोपिका. तलावाकाठी बंगला असून दुसरा! व्हरांड्यापासून थेट पाण्यापर्यंत हिरवा उतार पाहिजे होता, तो झाला. आता दोन दिवस पाणी तोडलं तर सगळं पिवळं पडेल.

शालिकराम : त्या उतारावर वाळा होता, साहेब. पंधरा वर्सं कूलरच्या ताट्यांसाठी मी एक बेट काढो, एक ठेवो. मातीले तोच धरून होता. या खेपी तुमी म्हणाले, सगळा काढ.

मधुकरराव : गावठी गवत होतं ते!

शालिकराम : त्याच्या मुळ्या पुरुषभर खोल. तुमच्या लॉनची मुळी बोटभर. न् वरून रात्रंदिवस पाइप चालू. माती तलावात चालली, तिच्यासंगं माही खोली.

मधुकरराव : मग दोन दिवस सोड ना खोली.

शालिकराम : कशी सोडू? आत माही लेक जया बाळंतीण हाय. आज सातवा दिस. तिची माय भागीरथा म्हणते, बाराव्या दिसाआधी लेकरू उंबऱ्याबाहेर काढाचं नाई. आमचं पयलं लेकरू आठव्या दिशी बाहेर नेलं न् गेलं, ते बसलं तिच्या मनात.

गोपिकाबाई : अरे देवा! न् तू हे आता सांगून राहिला?

शालिकराम : कोन्त्या तोंडानं सांगू, बाई? वाळा मीच खणला ना. भागीरथा तीन दिवसांपासून माह्याशी बोलत नाई. म्हणे, नातवाच्या पाळण्याखालची माती आपल्या हातानं खणली तुमी.

गोपिकाबाई : अहो, ऐकून राहिले ना?

मधुकरराव : भेग किती झाली?

शालिकराम : काल नख जात होतं. आज अंगठा जाते.

मधुकरराव : वर रुंद, का खाली?

शालिकराम : वर.

मधुकरराव : वर... म्हणजे पाण्याकडं कलली भिंत. बंद कर. पाइप बंद कर आधी!

(शालिकराम नळ बंद करून येतो.)

गोपिकाबाई : मी आपल्या मधल्या खोलीत शेगडी पेटवते. जयाची खाट खिडकीपासून दूर लावू.

शालिकराम : भागीरथा आयकाची नाई, बाई. ते उंबऱ्यातच बसून हाय.

मधुकरराव : मी सांगतो तिला.

शालिकराम : काय सांगसान, साहेब?

मधुकरराव : तू दोनदा म्हणाला होतास, वाळा राहू द्या. मी ऐकलं नाही. लोकांचे बांध बांधण्यात जन्म गेला माझा, आणि घरचा बांध मीच उकरायला लावला. चूक माझी आहे, तुझी नाही. तिच्यासमोर म्हणतो, चल.

शालिकराम : चपला कायले काढता, साहेब? राहू द्या पायात. तिकडं सारा चिखल हाय.